डावी ह्यांची, उजवी माझी

ह्यांना घट्ट काही सहन होत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यातली पहिली दोन मला हे समजून घेण्यात गेली आणि उरलेली चोवीस त्यावर उपाय करण्यात. नवे मोजे आणले की ते आधी माझ्याकडे येतात. धागे कापायच्या छोट्या कात्रीने मी त्यांच्या काठातलं इलॅस्टिक चार ठिकाणी तोडते, मग ते ह्यांच्या पायात जातात. शर्टाच्या कॉलरचं बटण अर्धा इंच पुढे सरकवायचं, बनियनच्या काखा कापून मोठ्या करायच्या, पायजम्याची नाडी काढून रुंद पट्टी घालायची. लग्नातली अंगठी ह्यांनी आठव्या दिवशी काढून कपाटात ठेवली. बोट गुदमरतं म्हणे. गुदमरलेलं बोट मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेलं नाही.

मी गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर आहे. आमच्या मोठ्या मशीनला टेबलाखाली उजव्या गुडघ्याशी एक पॅड असतो. तो गुडघ्याने बाजूला ढकलला की कापड दाबून धरणारं फूट वर उचललं जातं आणि दोन्ही हात कापड फिरवायला मोकळे राहतात. एका शर्टाला तीस-चाळीस वेळा गुडघा ढकलायचा, दिवसाला किती शर्ट ते विचारू नका. बावीस वर्षांत माझा उजवा गुडघा कामातून गेला. हे बस चालवायचे. तीस वर्षं क्लच दाबून ह्यांचा डावा गेला. माझी जाऊ म्हणायची, "देवाने तुमची जोडी जमवताना गुडघेसुद्धा बघून घेतले गं!" तेव्हा मला हसू यायचं.

डॉक्टरांनी दोघांना एकच सांगितलं होतं, मांडीत ताकद आणा, नाहीतर खुर्चीतून उठायलाही माणूस लागेल. म्हणून आम्ही टायरच्या दुकानावरच्या जिममध्ये जायला लागलो. सकाळी सहाची वेळ. तिथला ट्रेनर दर दोन मिनिटांनी "पाठ सरळ!" म्हणून ओरडतो, त्यामुळे सगळे त्याला पाठसरळच म्हणतात. पोरगा गुणी आहे. त्याने मला आधी खुर्चीवरून उठबस करायला लावली, मग हातात पाच किलो दिले, मग खांद्यावर रिकामा लोखंडी बार. हे सायकल मारायचे, मशीनवर पाय ताणायचे आणि उरलेला वेळ गप्पा.

दोन महिन्यांनी पाठसरळ म्हणाला, "काका, काकू, आता गुडघ्याला स्लीव्ह घ्या, रबरी मोज्यासारखी असते बघा. गुडघा गरम राहतो, आधार राहतो." तेव्हा आम्ही पहिल्यांदा खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो.

दुकानदार साठीचा, गळ्यात सदैव मापाची टेप. माझ्याही गळ्यात दिवसभर तीच असते, म्हणून मला तो माणूस आल्या आल्या आवडला. त्याने आम्हाला उभं करून गुडघा किंचित वाकवायला सांगितला आणि वाटीच्या मधोमध टेप धरली. ह्यांचा एकोणचाळीस सेंटीमीटर, माझा छत्तीस.

"आता व्यायाम काय काय करता ते सांगा," तो म्हणाला. "जड वजन घेऊन उठबशा, म्हणजे स्क्वॉट मारत असाल तर सात मिलीमीटरची जाड स्लीव्ह. ती उभं राहताना गुडघ्याला ढकलते. नुसती सायकल, चालणं असेल तर तीनची पातळ. दोन्ही थोडं थोडं असेल तर पाचची. आणि माप मात्र ज्याचं त्याचं. सैल झाली की स्लीव्ह आणि फाटका मोजा सारखाच."

मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "सायकल. आणि थोडं मशीन."

"आणि बाई?"

"तीही तसंच."

मी तेव्हा पंधरा किलोचे स्क्वॉट मारत होते. पंधरा किलो म्हणजे कुठे जड, असं मला स्वतःलाच वाटलं. दुकानदाराने तीन मिलीमीटरच्या दोन जोड्या पुढे ठेवल्या, एक लार्ज, एक मीडियम. ह्यांनी मीडियम परत सरकवली. "दोन कशाला? माझा डावा दुखतो, हिचा उजवा. एक जोडी बास झाली. डावी मी घालतो, उजवी ही घालेल."

"पण साहेब, माप?"

"मीडियम मला घट्ट होईल. मला घट्ट सहन होत नाही."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चालेल." सव्वीस वर्षांत हा शब्द मी इतका वापरलाय की तो बोलताना आता माझ्या कानावरही येत नाही.

तर सहा वर्षं ह्यांच्या मापाची उजवी स्लीव्ह मी घातली. बार खांद्यावर घेऊन खाली बसावं, वर यावं, की स्लीव्ह पोटरीवर उतरलेली. ती ओढून वर घ्यायची, पुन्हा खाली बसायचं, पुन्हा ओढायची. बाकीचे लोक दोन सेटच्या मध्ये श्वास घेतात, मी स्लीव्ह ओढायचे. एकदा कारखान्यात जाताना मी ती बरोबर नेली होती. जेवणाच्या सुट्टीत मागून एक इंच आत घेतली, वरून छान दुहेरी टीप मारली. अशा जाड रबरी कापडाला सुई लागली की भोकं राहतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी त्या भोकांच्या रेषेवर ती टरकली. हे म्हणाले, "बिघडवलीस ना जोडी? आहे तसं वापरता येत नाही तुम्हा बायकांना." मी आतून कापडाची पट्टी चिकटवून ती पुन्हा जोडली. त्यानंतर ती घसरायचीच, वर खाजायचीही.

एवढं असूनही माझं वजन वाढत गेलं. माझं म्हणजे बारवरचं. तीस, चाळीस, पंचावन्न. गेल्या वर्षी सत्तर. पन्नाशीला टेकलेली मशीनवाली बाई सत्तर किलो खांद्यावर घेऊन खाली बसते आणि उठते, हे बघायला सहाच्या वेळची पोरं हातातलं काम सोडून उभी राहायची. मला त्याचा फार अभिमान होता. खोटं कशाला बोलू, आयुष्यात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. बाकी जे शिवलं ते सगळं दुसऱ्यांच्या अंगावर गेलं.

ह्यांना मात्र त्याचं काही वाटायचं नाही. मागच्या वर्षी हे निवृत्त झाले आणि म्हणाले, आता पहाटे उठायची शिक्षा कशाला, मी नऊला जात जाईन. मला आठला कामावर हजर व्हायचं असतं. तेव्हापासून मी सहाला आणि हे नऊला. स्लीव्ह्जची ताटातूट झाली.

या वर्षी पाठसरळने चाळिशीपुढच्यांसाठी स्पर्धा ठेवली. रविवारी सकाळी, सगळ्या वेळांचे लोक एकत्र. स्क्वॉट, बसून वल्हं मारल्यासारखं ओढायचं रोइंग मशीन, सायकल. तो मला म्हणाला, "काकू, ऐंशी मारायचे. होतात तुमच्याने. फक्त ती गळकी स्लीव्ह बदला हो, तळाशी गुडघा थरथरतो तुमचा. मला भीती वाटते."

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, मला माझ्या मापाची एक जोडी घ्यायची आहे."

हे टीव्ही बघत होते. "एका गुडघ्यासाठी जोडी? दुसरीचं काय लोणचं घालणार?"

"ऐंशी किलो घ्यायचेत."

"कोणी सांगितलंय? पडशील एखाद्या दिवशी, मग मलाच धावपळ." आणि आवाज मोठा केला. टीव्हीचा.

तीन आठवडे मी तीच स्लीव्ह ओढत राहिले. मग एका शनिवारी सुट्टी झाल्यावर मी स्वतःच दुकानात गेले. मला स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की चोरी करायला निघाल्यासारखं वाटतं. दुकानदार टेप घेऊन पुढे आला, माझ्या तोंडाकडे न बघता गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "छत्तीस. बरोबर?"

"सहा वर्षांनी लक्षात आहे?"

"चेहरे जातात, गुडघे राहतात. पण बाई, तुमची जोडी तर गेली की. साहेब घेऊन गेले मागच्या आठवड्यात."

"कसली जोडी?"

"राखाडी. पाच मिलीमीटर, कडेला तांबडी पट्टी. आधी लार्ज नेली होती. मग चार दिवसांनी परत घेऊन आले, म्हणाले बाईंना सैल होते, मीडियम द्या. मी म्हटलं, अहो, एक तुम्ही घालणार ना, तुम्हाला ही काचेल. तर म्हणाले, काचू दे, बाईंच्या मापाचीच द्या." दुकानदार हसला. "मी तुमच्या स्क्वॉटसाठी सातची सुचवली असती. पण साहेबांनी बजावून सांगितलं, मऊच हवी, गुडघा पूर्ण दुमडला तरी मागे गोळा न होणारी. फार बारीक विचार केला हो त्यांनी."

मी तिथल्या स्टुलावर बसले. गुडघा दुखत होता म्हणून नाही. लग्नाआधी हे बघायला आले होते तेव्हा वाटलं होतं, तसं वाटलं. बाईंच्या मापाचीच द्या. काचू दे. हे शब्द ह्यांच्या तोंडून निघाले! दुकानदाराला काय वाटेल याची पर्वा न करता मी डोळे पुसले. चार दिवस लागले ह्यांना लार्जची मीडियम करायला. लागणारच. सव्वीस वर्षांत न केलेला विचार करायचा म्हणजे चार दिवस लागणारच.

मी काही न घेता घरी आले. हे मला स्पर्धेच्या दिवशी देणार, म्हणून लपवून ठेवली असणार, हे इतकं उघड होतं की मी कपाटसुद्धा उघडून बघितलं नाही. माणूस कधीतरी एकदा काही करतो, त्याची मजा आपण का घालवावी?

दोन आठवडे होते स्पर्धेला. ते दोन आठवडे मी सुखात होते, हे मला आज सांगायला लाज वाटते. ह्यांच्या चहात मी न मागता जास्त दूध घातलं. टीव्हीचा आवाज मोठा असला तरी काही बोलले नाही. कारखान्यात शेजारच्या मशीनवालीला सांगितलंसुद्धा, "बोलून दाखवत नाहीत गं, पण मनात असतं." ती म्हणाली, "नशीबवान आहेस." मी हो म्हटलं.

एका संध्याकाळी हे पाय वर घेऊन बसले होते आणि लुंगी सरकली तेव्हा मला डाव्या गुडघ्याखाली लाल वळ दिसला. पोटरीभोवती पूर्ण गोल, आणि मागच्या बाजूने वर जाणारी शिलाईची छाप. आमच्या जुन्या स्लीव्हला साधी ओव्हरलॉक आहे, तिची छाप दोरीसारखी उठते. ही तशी नव्हती. ही सपाट होती, चार धाग्यांची फ्लॅटलॉक, धागा न् धागा मोजता येत होता. शिलाईच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय? मोजा असेल." लुंगी खाली.

मोजा गुडघ्यापर्यंत येत नाही आणि ह्यांच्या मोज्याला इलॅस्टिक असतं कुठे, ते मीच तोडलेलं असतं. मला कळलं, आणि कळलं म्हणजे काय कळलं ते ऐका. मला वाटलं, नवी स्लीव्ह घट्ट असते, म्हणून हे ती माझ्यासाठी घालून सैल करून ठेवताहेत. नवे बूट कोणी आधी घालून मऊ करून देतं ना, तसं. मी आत जाऊन तेल गरम केलं आणि ह्यांच्या त्या वळावर अर्धा तास चोळलं. चार धाग्यांची शिलाई मला वाचता आली. ती कोणासाठी सोसलेली आहे, ते वाचता आलं नाही.

रविवार उजाडला. आम्ही दोघं बरोबर गेलो, वर्षभरात पहिल्यांदाच. जिममध्ये तीसेक माणसं होती. नऊच्या वेळचे लोक मला नवे होते. ह्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, एकदोघांनी "या ड्रायव्हरसाहेब!" म्हणून पाठीवर थाप मारली. घरात दिवसाला वीस वाक्यं बोलणारा हा माणूस तिथे हशा पिकवत होता. मग हे कपडे बदलायला आत गेले.

मी बाकावर बसून माझी जुनी स्लीव्ह चढवली होती. हे बाहेर आले ते हाफ पँट घालून, आणि डाव्या गुडघ्यावर राखाडी स्लीव्ह, कडेला तांबडी पट्टी. मांस वरून खालून फुगून आलं होतं इतकी घट्ट. एक ह्यांनी घातली होती, म्हणजे दुसरी पिशवीत असणार. हे माझ्याच दिशेने येत होते. मी वाकून माझी जुनी स्लीव्ह काढली, बाकाखाली टाकली आणि उघडा गुडघा पुढे करून बसले. होय, पुढे करून. लहान मूल खाऊसाठी हात पुढे करतं तशी.

हे माझ्यासमोरून पुढे गेले. "अगं, जरा सरक," म्हणाले, "रोइंग सुरू होतंय."

रोइंग मशीनवर एक बाई येऊन बसली. माझ्याच वयाची, केस पांढरे होत आलेले, चष्मा दोरीने मागे बांधलेला. दिसायला माझ्यासारखीच, म्हणजे काही नाही. नऊच्या वेळचे तिला रोइंगवाली म्हणत होते. तिच्या उजव्या गुडघ्यावर राखाडी स्लीव्ह होती, कडेला तांबडी पट्टी. डावा उघडा. गुडघा पार छातीपर्यंत दुमडला तरी स्लीव्ह मागे गोळा होत नव्हती. जागची हललीसुद्धा नाही. मापाची होती.

हे तिच्या बाजूला उकिडवे बसले, तसल्या काचणाऱ्या स्लीव्हमध्ये, आणि मोजायला लागले, "ओढ... सोड. ओढ... सोड. घाई नको." इतक्या हळू आवाजात ह्यांना बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. नऊच्या वेळचा एकजण दुसऱ्याला कोपरखळी मारून हसला, मग माझ्याकडे लक्ष जाताच खोकला. पाठसरळ हातातल्या कागदात डोकं घालून उभा राहिला. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. मलाच दोन आठवडे दिसलं नव्हतं, आणि मी तर त्यावर तेल चोळलं होतं!

माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले. पाठसरळ बारीक आवाजात म्हणाला, "काकू, स्लीव्ह?"

"नको."

"तशाच? नको हो, गुडघा..."

"माझा आहे ना गुडघा? बार भर."

पहिल्यांदा पासष्ट, मग त्र्याहत्तर, मग ऐंशी. ऐंशी घेऊन खाली गेले तेव्हा तळाशी गुडघा थरथरला आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं. मला वाटलं, आता इथेच बसावं, बार मागे टाकून द्यावा आणि मोठ्याने रडावं. मग कानावर "ओढ... सोड" आलं, खरं की मनातलं कोण जाणे, आणि मी उठले. रागाने वजन उचलता येतं. ते कोणी शिकवत नाही, पण येतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्या ह्यांनी वाजवल्या आणि शेजारच्याला म्हणाले, "आमची बायको!" ज्या ऐंशी किलोंसाठी मी सहा वर्षं स्लीव्ह ओढत होते, ते उचलल्यावर मला कणभरही आनंद झाला नाही. गुडघा तेवढा सुजला.

घरी आल्यावर मी बर्फ लावून बसले. हे आंघोळ करून आले, पंख्याखाली बसले. मी विचारलं, "ती राखाडी जोडी कधी घेतलीत?"

"कुठली? हां, ती." ह्यांच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. हे आधीच सांगून ठेवते. "झाला महिना. अगं, रोइंगवालीचाही उजवाच गेलाय. नवरा नाही तिला, एकटी असते. जोडीतली एक फुकट जाते म्हणत होती. मी म्हटलं, माझा डावा आहे, अर्धी अर्धी घेऊ."

"मला माझ्या मापाची हवी होती. मी सांगितलं होतं."

"तुझ्याकडे आहे की आपली! मी माझीही तुलाच देणार होतो आता, दोन झाल्या असत्या." आणि वर हसले. "तू काय मनात आणलंस? या वयात? वेडी आहेस का?"

माझा ह्यांच्यावर विश्वास बसला. दुसरी बाई म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं, तसलं काही नव्हतं. असतं तर मी भांडले असते, भांडी आपटली असती, जावेकडे जाऊन राहिले असते. चार लोकांनी मला बरोबर म्हटलं असतं. आता मी कोणाला काय सांगू? नवऱ्याने एका बाईला तिच्या मापाची स्लीव्ह घेऊन दिली, असं सांगू? लोक हसतील.

"लार्ज परत का केलीत?" मी विचारलं.

"ती तिला सैल होत होती," हे म्हणाले. जणू एवढं साधं मला कळू नये याचं नवल वाटत होतं. "दोनदा ओढलं की लगेच घसरायची. जीव जायचा तिचा त्या ओढाओढीत."

मी बर्फाची पिशवी दुसऱ्या बाजूला धरली. "आणि तुम्हाला? मीडियम घट्ट होत नाही?"

ह्यांनी डाव्या गुडघ्याकडे बघितलं, त्या वळावरून अंगठा फिरवला. "होते गं," म्हणाले, "पण होते सवय."

कारखान्यात आम्ही म्हणतो, माप चुकलं तर उसवून पुन्हा शिवता येतं, पण कापड कापतानाच चुकलं असेल तर काही करता येत नाही. मी उठून स्वयंपाकाला लागले.

संध्याकाळी हे माझ्यापुढे येऊन उभे राहिले. हातात नव्या मोज्यांची पुडी. "जरा तेवढं इलॅस्टिक तोडून दे. उद्या घालायचेत."

"तसेच घाला," मी म्हटलं. "होते सवय."

ह्यांना माझं बोलणं टोचलं असेल असं मला वाटलं. पण टोचायला आधी आठवावं लागतं. ह्यांनी निमूटपणे खाटेवर बसून डाव्या पायात मोजा चढवला. मी मनात मोजत होते. मिनिटसुद्धा झालं नाही.

"छे छे, नाही गं सहन होत," हे म्हणाले, मोजा ओढून काढला आणि पाय माझ्यापुढे केला. "बघ बघ, कसा वळ उठलाय."

मी बघितलं. घोट्याच्या वर मोज्याची पुसटशी रेघ होती, बघता बघता विरून जाणारी. आणि त्याच पायावर, वीतभर वर, ती चार धाग्यांची शिलाई, सकाळपासून तशीच.